मुक्ताईच्या घळीतलं पाणी

सकाळी सहाच्या ठोक्याला मुक्ताईच्या घळीपाशी रांग लागली होती. रांगेत उभं राहण्यापेक्षा रांगेवर देखरेख करण्याची पुणेकराला जास्त हौस असल्यामुळे रांगेत माणसं कमी आणि रांगेच्या बाजूला जास्त होती.

"अहो, मधे घुसू नका."

"घुसत नाहीये, बघतोय."

"बघायला मागूनही दिसतं."

प्रत्येकाच्या हातात बाटली होती. कुणाकडे तांब्याचा गडू होता, कुणाकडे मिनरल वॉटरची रिकामी बाटली, आणि एका आजोबांनी तर दुधाची किटलीच आणली होती. महिना फेब्रुवारीचा, आठवडा शेवटचा. ऑक्टोबरनंतर पावसाचा थेंब पडलेला नाही, कर्वेनगरातल्या निम्म्या सोसायट्या टँकरवर आलेल्या, आणि मागच्या टेकडीवरच्या ह्या घळीत, काळ्या कातळाच्या कपारीतून, करंगळीएवढी स्वच्छ धार पडत होती.

धारेशेजारी निळी कफनी घालून कोंडीराम महाराज बसले होते. कफनीच्या गळ्याला माईक अडकवलेला होता.

"पानी हाय का न्हाय?" महाराजांनी विचारलं.

"आहे!" गर्दी म्हणाली.

"पाऊस झाला का?"

"नाही!"

"मग पानी आलं कुठनं?" महाराजांनी स्वतःच्या बेंबीवर बोट ठेवलं. "हितनं! एकवीस पिढ्या पानाड्याच्या आमच्या, जमिनीतलं पानी वळखनाऱ्या. मी अकरा दिस आधी सांगितलं हुतं, आई मुक्ताई जलदेवी अकरा दिसांच्या आत दर्शन देनार. नवव्या दिशी दिलं. आता तुमी इंजिनेर लोक इचारनार, कसं? तर हे समदं व्हायब्रेशन हाय. मोबाइलची रेंज दिसती का? न्हाय! पन फोन लागतो. तशी आमची रेंज जमिनीत लागती."

समोरच्या तीन-चार इंजिनिअरांनी मान डोलावली. आता ही आई मुक्ताई जलदेवी म्हणजे कोण, तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ह्या घळीत शेळ्या पाजायला आणणारी मुक्ताबाई. शेळीचं दूध विकायची आणि उधारी थकवणाऱ्याला भर रस्त्यात शिव्या द्यायची. तिला देवीपदाला पोचवायला महाराजांना अकरा दिवसही लागले नव्हते.

गर्दीच्या मागे हेमाताई परचुरे उभ्या होत्या. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या ह्या बाईंना चमत्कार म्हटलं की शिसारी यायची. पण आज त्यांना हसू येत नव्हतं, कारण धार खरी होती. त्यांनी स्वतः कपारीच्या मागे जाऊन पाहिलं होतं. नळी नव्हती, मोटर नव्हती, वर कुठे टाकी नव्हती. आणि हा झरा बारा जानेवारीला आटला होता, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

ते माहीत असायला कारण होतं. टेकडी मित्र मंडळाची पद्धत अशी, की वर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकानं खालून दोन लिटरची बाटली भरून न्यायची आणि वरच्या रोपांना घालायची. अठरा वर्षं हेमाताई ती बाटली वाहत होत्या. गुडघे कुरकुरायला लागले तरी बाटली सुटली नव्हती. उतारावर झाडं लागली ती गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, कारण ते लावलं की जगतं. झाडांना पत्र्याच्या पाट्या होत्या. कुणाच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाची, कुणाच्या सासऱ्यांच्या स्मृतीची. हेमाताईंच्या आईच्या नावाचंही एक झाड होतं. प्रत्येकाला आपलं एक झाड हवंच, म्हणून खड्डे दाटीनं पडले आणि उतार गच्च झाला. आणि दर रविवारी मंडळाचे दोघं घळीत उतरून लिटरचं माप धारेखाली धरायचे, ते किती सेकंदांत भरतं ते वहीत लिहायचे. झरा आटला की वहीत तांबडी रेघ मारायची आणि जूनपर्यंत घळीकडे फिरकायचं नाही. कोरडं काय मोजायचं? शिवाय घळीत घाणेरीची दाट जाळी. महाराजांच्या माणसांनी ती तोडून वाट केली तेव्हा कुठे लोकांना घळ दिसली.

मोजणाऱ्या दोघांपैकी एक हेमाताई. दुसरे बाळराव पेठे. वय चौऱ्याहत्तर, खडकीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. टेकडीवर पहिला खड्डा त्यांनीच खणला, गिरिपुष्पही त्यांनीच आणलं, आणि वही कशी ठेवायची हेही त्यांनीच शिकवलं. 'हेमाताई, अंदाज म्हणजे खोटं बोलण्याची सभ्य पद्धत,' हे त्यांचं आवडतं वाक्य. नवरा गेल्यानंतरच्या दोन वर्षांत हेमाताई घराबाहेर पडल्या असतील तर त्या ह्या माणसानं सकाळी खालून हाक मारली म्हणून.

त्यामुळे त्या गर्दीतून वाट काढत बाळरावांकडेच गेल्या.

"बाळराव, हे काय आहे?"

"पाणी आहे," बाळराव म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. आलं कुठून?"

बाळरावांनी चष्मा पुसायला घेतला. "सगळंच आपल्याला कळतं असं थोडंच आहे हेमाताई? काही गोष्टी मान्य कराव्या लागतात."

हेमाताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. हे वाक्य महाराजांनी म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. बाळरावांनी म्हटल्यावर मात्र त्यांना प्रथमच वाटलं, की कदाचित आपलंच काही चुकत असेल.

गर्दीतून उत्कर्षा धावत आली. हेमाताईंच्याच सोसायटीत भाड्यानं राहणारी, वाशिमकडची, आयटीत काम करणारी मुलगी. "मॅम, अनबिलिव्हेबल आहे ना? मी महाराजांना आमच्या गावाला नेणार आहे. आमच्याकडे मार्चनंतर विहिरीत फक्त चिखल असतो. एवढूसं पाणी आलं ना, तरी आई रडेल माझी."

हिला काय सांगायचं? हेमाताईंनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात महाराजांचा आवाज चढला. "आता ऐका! आई मला सपनात म्हनली, कोंडीरामा, मला तहान लागती. का? तर वर बगा!" सगळ्यांनी वर पाहिलं. "ती झाडं! झाडं न्हाईत ती, राक्षेस हायत. आईचं पानी पितात. समदा उतार मोकळा करा, पानी बारमाही करून देतो. हितं जलकुंड, तितं सभामंडप, तिकडं पार्किंग. वनखात्याला कागद लागतो, तो तुमच्या मंडळाचा. हा उतार तुमी दत्तक घेतलाय. येत्या रविवारी सभेत मंडळानं लिहून द्यायचं, आमची हरकत न्हाय."

आणि ह्यावर बाळराव गप्प होते. पहिला खड्डा खणणारे बाळराव. मंडळाच्या चिटणीस हेमाताई होत्या. सही त्यांची लागणार होती.

घरी येऊन त्यांनी चहा केला आणि तो न पिताच वही उघडली. बारा जानेवारी, तांबडी रेघ. मागच्या वर्षी सात जानेवारी, रेघ. वही सुरू केली ती झाडं मोठी झाल्यावर; तेव्हापासून आठ वर्षांच्या आठ रेघा, आणि प्रत्येक रेघेनंतर कोरी पानं. त्या पानांकडे बघता बघता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वर्गात एखाद्या पोरानं असा प्रयोग अर्धवट सोडला असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं. झरा जानेवारीत आटतो हे त्यांना ठाऊक होतं. फेब्रुवारीत तो काय करतो, हे त्यांनी एकदाही जाऊन पाहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी माप आणि घड्याळ घेतलं आणि मोजायला लागल्या. सकाळी सहा, दुपारी बारा, दुपारी चार. सेवेकऱ्यांना वाटलं, बाई तीर्थ भरायला येतात. पहिल्या दिवशी सकाळी लिटर भरायला चाळीस सेकंद लागले, दुपारी चारला ऐंशी.

"दुपारी देवी झोपती," एका सेवेकऱ्यानं सांगितलं.

"बरोबर आहे. पुण्याचीच ना," हेमाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तेच आकडे. महाराज दुपारी घसा फोडून मंत्र म्हणत होते आणि धार बारीकच होत होती. तिसऱ्या दिवशी महाराज लोणी काळभोरला भाच्याच्या लग्नाला गेले. मंत्र नाही, माईक नाही, कफनीही नाही. धार सकाळी सहाला चाळीस सेकंद, दुपारी चारला ऐंशी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते हे खरं, पण इथे कावळा लोणीला जेवायला गेला होता आणि फांदी वेळापत्रकाप्रमाणे मोडत होती.

त्याच दिवशी, महाराज नसल्यामुळे, त्यांना कपारीच्या अगदी जवळ बसता आलं. धार सगळी मापात पडावी म्हणून त्या एक नळी बसवायला गेल्या. कातळावर शेंदराचा जाड थर होता. नळी टेकवताना नखानं थोडा शेंदूर निघाला, आणि खाली एक रेघ दिसली. कोरलेली. त्यांनी आणखी खरवडलं. रेघेशेजारी आकडे होते. शेंदूर निघत गेला तशा रेघा वाढत गेल्या. सहा रेघा, सहा वर्षं, आणि प्रत्येकीपुढे तारीख. बावीस फेब्रुवारी. सव्वीस फेब्रुवारी. चोवीस. एकवीस. सत्तावीस. तेवीस.

अंक बारीक, तिरपे, एका उंचीचे. साताला खाली छोटी शेपटी आणि प्रत्येक तारखेखाली पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. असे अंक अख्ख्या टेकडीवर एकच माणूस काढायचा. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावरचं शीर्षकही त्याच हातानं काढलेलं होतं.

हेमाताईंनी मान वर केली. उतारावरच्या गिरिपुष्पांना एक पान नव्हतं. काळ्या फांद्या आणि त्यांवर गुलाबी फुलांचे तुरे. पानगळ झालेली होती. हिरवी होती ती फक्त घळीच्या काठची उंबर-करंजाची चार झाडं. एकतीस वर्षं जे सातवीच्या वर्गाला शिकवलं ते त्यांच्या डोक्यात आता जागेवर बसलं. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवाटे हवेत सोडतं. पानं नाहीत तर ओढणं जवळजवळ बंद. मग जमिनीतलं उरलेलं पाणी खाली येणार नाही तर जाणार कुठे? आणि दुपारी काठची हिरवी झाडं उन्हात पाणी ओढतात म्हणून धार बारीक होते, रात्री ती थांबतात म्हणून सकाळी भरते. मंत्राचा काही संबंध नव्हता. व्हायब्रेशनचा तर नव्हताच.

कोडं सुटलं होतं. पण त्यांना आनंद झाला नाही.

तशाच त्या बाळरावांच्या घरी गेल्या. बाळराव गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. हेमाताई बसल्या नाहीत. त्यांनी शेंदरानं माखलेली बोटं पुढे धरली.

"अक्षर तुमचं आहे," त्या म्हणाल्या.

बाळरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली, नीट, कडेला कड लावून. "आज बघितलंत?"

"आज."

"पहिल्या वर्षी सहजच उतरलो होतो. वाटलं, कुणाची तरी पाइपलाइन फुटली. दुसऱ्या वर्षीही तारीख जवळपास तीच. तिसऱ्या वर्षी वर पाहिलं. तेव्हा कळलं."

"सहा वर्षं, बाळराव. सहा वर्षं आपण रोज बरोबर चढलो. मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की ज्यांना आपण गुडघे मोडून पाणी पाजलं, तीच झाडं झरा पितायत? पूर्वी हा झरा मार्चअखेरपर्यंत चालायचा. मुक्ताबाईच्या शेळ्या उन्हाळ्यात तिथेच पाणी प्यायच्या, मी पाहिलंय. आपण दाटी केली आणि तो जानेवारीत आटायला लागला. गिरिपुष्प कुणी आणलं? मी आणलं. विरळ करू म्हटलं असतं तर लोकांनी मला उभं चिरलं असतं. नातवाच्या नावाची पाटी लावलेलं झाड कुणी तोडू देतं? आणि झाडं पाणी पितात एवढंच बाहेर गेलं असतं, तर टेकडी फोडायला टपलेल्यांना आयतं कोलीत."

"लोकांना का नाही सांगितलंत ते विचारत नाहीये मी. मला का नाही?"

बाळरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तुम्ही ते वहीत लिहिलं असतंत."

हेमाताईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. ज्या सवयीचं ह्या माणसानं इतकी वर्षं कौतुक केलं, त्याच सवयीला तो भ्यायला होता.

"आणि महाराजाला मात्र सांगितलंत."

"तो टेकडीवर यायचा. म्हणाला, तारीख द्या, माणसं मी आणतो. अठरा वर्षांत आपण किती जण जमवले हेमाताई? सात. सात म्हाताऱ्यांच्या पत्राला कोण विचारतं? त्यानं आठ दिवसांत सातशे आणले. मला वाटलं, देवीची टेकडी झाली की कुणी हात लावणार नाही. एक खोटं, पण टेकडी वाचेल."

"आता तोच तोडायला निघालाय."

"तसं ठरलं नव्हतं."

"चोराबरोबर काय काय ठरवलं होतंत तुम्ही?"

बाळरावांनी खाली पाहिलं. "झाडं पाणी पितात हे मी त्याला बोलता बोलता सांगून बसलो. त्यानं तेवढंच उचललं."

"रविवारी सभेत हे सगळं तुम्ही सांगणार आहात?"

"ह्या वयात, हेमाताई..." त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

जिन्यात हेमाताई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. आपण रडतोय ह्याचाही त्यांना राग आला. महाराजानं फसवलं ह्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, त्याचा तो धंदाच आहे. पण ज्याचा शब्द आपण कधी मापून पाहिला नाही त्यानं केसानं गळा कापला होता. त्यांना बाळरावांची एकेक सकाळ आठवायला लागली, आणि त्यातल्या किती खऱ्या होत्या हे आता कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांनी टेकडीवर जाऊन दोन फांद्यांना प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्या बांधल्या, तोंड सुतळीनं घट्ट आवळून. एक उतारावरच्या निष्पर्ण गिरिपुष्पाला. दुसरीही गिरिपुष्पालाच, पण महाराजांच्या मांडवाजवळच्या. टँकरचं पाणी रोज तिथे सांडत असल्यामुळे ह्या एकाच झाडाची पानं अजून टिकून होती.

रविवारी अकरा वाजता मांडव भरला. सूत्रसंचालन उत्कर्षाकडे होतं. मंडळाचे सगळे पहिल्या रांगेत होते, बाळरावही. महाराजांनी आरती आटोपली आणि म्हणाले, "आता मंडळाच्या बाई कागद वाचतील."

हेमाताईंनी माईक घेतला. "कागद वाचते. पण आधी महाराजांना एक विनंती. आत्ता लिटर भरायला पंचावन्न सेकंद लागतात, मी येताना मोजले. दुपारी चारला ऐंशी लागतील. महाराज, आपल्या मंत्रानं चारला चाळीस करून दाखवा. मी तिथल्या तिथे सही करते आणि आपल्या पायाही पडते."

"देवीची परीक्षा घेता व्हय?" महाराज गरजले.

"देवीची नाही हो, आपली. देवी तर तुम्ही लोणीला जेवायला गेलात तेव्हाही वेळेवर हजर होती."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. "मुहूर्त लागतो!" महाराज म्हणाले.

"मग कोणताही मुहूर्त सांगा, आम्ही थांबतो. नाही? बरं. उत्कर्षा, मांडवाजवळच्या आणि उतारावरच्या एकेका फांदीला मी पिशव्या बांधल्यात, त्या सोडून आण. पाणी सांडू नकोस."

"पिशवीत पाणी?" उत्कर्षानं विचारलं. ती गेली आणि दोन पिशव्या घेऊन आली. एक कोरडी. दुसरीच्या तळाशी पाव वाटी स्वच्छ पाणी. तिनं ती उंच धरली आणि तिचा चेहरा बदलला. "मॅम, ही... हे झाडातून आलं?"

"पानांतून. काल सकाळपासून आत्तापर्यंत, एका फांदीच्या मूठभर पानांतून. कोरडी पिशवी आहे ती पानं गळलेल्या फांदीची. झाड तेच, जात तीच, फरक फक्त पानांचा. आता उतारावर बघा. तिथे हजारो झाडं आहेत आणि एकालाही पान नाही. जानेवारीत ती सगळी पाणी ओढत होती तेव्हा झरा आटला. पानं गळली, ओढणं थांबलं, पाणी खाली आलं. हे दर वर्षी होतं. कपारीजवळच्या कातळावर सहा वर्षांच्या तारखा कोरल्यात. एकवीस ते सत्तावीस फेब्रुवारी. महाराजांनी त्यावर शेंदूर फासला. मी तो काढलाय, ज्याला हवं त्यानं जाऊन वाचावं. सात दिवसांत होणाऱ्या गोष्टीला महाराजांनी अकरा दिवसांची मुदत घेतली. एवढी सूट दिली तर मीसुद्धा दिवाळी कधी येणार ते सांगीन."

आता हसणं उघड झालं. महाराज उठले. त्यांची पाचावर धारण बसली होती, आणि घाबरलेला माणूस आधी सोबत्याला पुढे ढकलतो. "मला काय बोलता? ह्यो म्हाताराच म्हनला, झाडं पानी पितात म्हनून! तारीक बी त्यानंच दिली! ओ बाळराव, बोला की आता!"

मंडळाचे सगळे बाळरावांकडे पाहत होते. हेमाताईंनी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायचं की नाही हे त्यांचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते काम महाराजानं केलं.

बाळराव उठले. "अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "तारीख मी दिली." आणि ते खाली बसले.

"म्हणजे झाडं पाणी पितात हे खरं आहे!" मागून एक गृहस्थ ओरडले. "मग महाराज काय चुकीचं म्हणाले? तोडा ना झाडं!"

हाच प्रश्न येणार हे हेमाताईंना माहीत होतं. आणि त्याचं उत्तर द्यायचं तर स्वतःचाच कान धरावा लागणार होता.

"अर्धं खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि अर्धं खरं फार सोयीचं असतं. आम्ही झाडं दाटीनं लावली, एकाच जातीची लावली. आम्ही म्हणजे मीसुद्धा. आम्हाला वाटायचं, जितकी झाडं जास्त तितकं पाणी जास्त. कुणी तपासलं नाही. झरा आटला की आम्ही मोजणं थांबवायचो, म्हणून आमची चूक आम्हाला दिसलीच नाही. ही आमची अंधश्रद्धा. आता महाराजांची. सगळा उतार साफ केलात तर वर्ष-दोन वर्षं धार वाढेल, कबूल. पण पहिल्या जोराच्या पावसात काय होईल? टेकडीच्या मागचा उतार प्लॉट पाडायला बोडका केला होता. गेल्या जुलैत तिथून तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काय आलं?"

"गाळ," ते गृहस्थ म्हणाले. "गुडघाभर."

"आणि तो नाला आता कसा आहे?"

"कोरडा ठाक. पाऊस थांबला की दोन तासांत कोरडा."

"पाणी मुरायला माती लागते. माती धरून ठेवायला मुळं लागतात, गवत लागतं, पालापाचोळा लागतो. झाडं पाणी पितात आणि झाडंच पाणी मुरवतात. कुठली, किती, किती अंतरावर, हा प्रश्न आहे. तो मंत्रानं सुटत नाही आणि सरसकट कुऱ्हाडीनंही सुटत नाही. वनखात्याला विचारून, त्यांच्या माणसाला दाखवून, दाटीतली काही गिरिपुष्पं काढू, जागा सोडू, इथली गवतं आणि इथलीच झाडं येऊ देऊ, आणि दर महिन्याला धार मोजू. आकडा चुकला तर बेत बदलू. माझ्या आईच्या नावाचं झाड दाटीत आहे. ते पहिलं काढा." त्यांनी हातातला कागद दुमडला. "हरकत नाही असं मी लिहून देणार नाही. माझी हरकत आहे. आणि अजून एक सांगते. मार्चच्या शेवटी नवी पालवी फुटली की ही धार थांबेल. महाराजांनी मंत्र म्हटले तरी आणि नाही म्हटले तरी."

महाराज "अनुष्ठानात विघ्न आलं" असं पुटपुटत कफनी सावरत निघाले. किटलीवाले आजोबा त्यांच्या मागोमाग गेले, कारण त्यांची किटली मांडवात राहिली होती आणि सेवेकरी सतरंजीबरोबर ती गुंडाळत होते. बरेच लोक कातळावरच्या तारखा बघायला उतरले. काहींनी तारखांना नमस्कार केला. हेमाताईंनी कपाळाला हात लावला.

उत्कर्षा पिशवी धरून अजून उभीच होती. "मॅम, मी महाराजांना घरी नेणार होते. आई वाट बघतेय."

"आईला सांग, विहिरीच्या वरच्या अंगाला काय उगवतं आणि काय तोडलं गेलं ते आधी बघूया. मी येते तुझ्याबरोबर. चमत्कार करणार नाही, मोजीन."

धार सव्वीस मार्चला थांबली. महाराजांच्या राहिलेल्या बारा भक्तांनी चार दिवस जप केला आणि पाचव्या दिवशी ते टँकरच्या नंबरला लागले.

नंतर एका सकाळी बाळराव घळीच्या तोंडाशी उभे दिसले. हातात टोपी होती.

"हेमाताई, माझं चुकलं. टेकडीसाठी केलं, पण चुकलं."

"टेकडीसाठी नाही केलंत," हेमाताई म्हणाल्या. "आपली चूक कुणाला दिसू नये म्हणून केलंत. टेकडीचं नाव नंतर घेतलंत."

बाळरावांनी होकारार्थी मान हलवली. मग ते म्हणाले, "खाली जाऊन आलो आत्ताच. कोरडं आहे."

दोन महिन्यांपूर्वी त्यांचा एवढा शब्द पुरला असता. हेमाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग होता, आणि रागाखाली दुखतही होतं, कारण हा माणूस त्यांना अजूनही आवडत होता.

"तुम्ही म्हणताय तर असेलही कोरडं," त्या म्हणाल्या. "पण मी बघून येते. आणि तुम्हालाही सांगते बाळराव, मी काही सांगितलं तर माझ्यावरही विश्वास ठेवू नका. उतरून बघा. महाराजाला प्रश्न विचारायला अक्कल लागते. आपल्या माणसाला विचारायला छाती लागते, आणि ती मला झाली नाही म्हणून हा उतार जवळजवळ गेलाच होता."

बाळरावांनी वाट सोडली. हेमाताई कातळ धरत, गुडघे सांभाळत, एकट्या घळीत उतरल्या आणि कपारीत हात घालून पाहिलं. कोरडंच होतं.